प्रबंधाचा पहिला वाचक

पीएच.डी.च्या प्रबंधातील ऋणनिर्देशाचे पान मोठे वाचनीय असते. पुढील चारशे पानांत लेखकाचा जो आवाज कोठेही ऐकू येत नाही, तो या एका पानावर स्वच्छ ऐकू येतो. मार्गदर्शकांचे आभार असतात, प्राचार्यांचे असतात, संस्थेच्या अध्यक्षांचे व सचिवांचे असतात. स्वतः शाळेचे तोंड न पाहता मुलाला शिकविणाऱ्या आई-वडिलांचे असतात, संसाराचा भार एकटीने वाहणाऱ्या पत्नीचे असतात आणि शेवटी अल्पावधीत सुबक टंकलेखन व बांधणी करून देणाऱ्या संगणक केंद्राच्या चालकाचेही असतात. या लांबलचक यादीत एक मनुष्य मात्र सहसा आढळत नाही. प्रबंध पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून, 'हे वाक्य समजले नाही, येथे आपणांस नेमके काय म्हणावयाचे आहे?' असे विचारणारा मनुष्य. तो यादीत नसतो, कारण तो मुळातच नसतो.

प्रबंध कपाटात बंद होते तोवर ही उणीव झाकलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरविले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध जमा होऊ लागले. आता नंदुरबारच्या शिक्षकाला मुंबईचा प्रबंध घरबसल्या उघडता येतो. ही सोय लहान नाही. मात्र ज्याने तेथे जाऊन आपल्या जिल्ह्यावरचे, आपल्या व्यवसायावरचे किंवा आपल्या बोलीवरचे चार प्रबंध चाळले असतील, त्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. प्रबंधाच्या मागे श्रम असतात. संशोधक गावोगाव हिंडलेला असतो, शे-दोनशे माणसांशी बोललेला असतो, दप्तरखान्यातील धूळ त्याने खाल्लेली असते. विषयही अनेकदा असा असतो की त्यावर दुसऱ्या कोणी काही लिहिलेलेच नाही. आणि तरीही दहाव्या पानाच्या पुढे जाववत नाही. माहिती अस्सल आणि वाक्ये उसनी, अशी ही विचित्र अवस्था आहे.

नमुन्यादाखल एक वाक्य पाहावे. ते कोणा एका प्रबंधातले नव्हे, पण कोणत्याही प्रबंधात ते सहज खपून जाईल: 'प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमातून संशोधकाद्वारे अवर्षणप्रवण क्षेत्रातील हंगामी स्थलांतरित कुटुंबांच्या शैक्षणिक समस्यांच्या संदर्भातील विविध पैलूंवर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.' व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात चूक नाही. शुद्धलेखनाच्या दृष्टीनेही नाही. मात्र त्यात माणूस नाही, गाव नाही आणि प्रश्नही नाही. एखाद्या जाणत्या संपादकापुढे हे वाक्य आले, तर तो ते खोडणार नाही. समासात तो चार प्रश्न लिहील. क्षेत्र म्हणजे कोणता तालुका? स्थलांतर कशासाठी? शैक्षणिक समस्या मुलांच्या की मुलींच्या? आणि 'प्रयत्न करण्यात आलेला आहे' म्हणजे काही सापडले की नाही? या प्रश्नांना उत्तरे देताना संशोधक कदाचित असे लिहील: 'बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुली कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या कारणाने शाळा सोडतात, हे या प्रबंधात तपासले आहे.' हे दुसरे वाक्य संपादकाला लिहिता आले नसते. त्यासाठी लागणारे ज्ञान त्याच्यापाशी नाही, ते संशोधकापाशीच होते. पण ते कोणी विचारीपर्यंत तेथेच राहिले असते.

संपादन म्हणजे भाषेला रंगसफेदी करणे, असा समज आपल्याकडे विद्वानांतही आढळतो. ऊसतोडणीचेच उदाहरण पुढे नेले तर तो किती अपुरा आहे, हे ध्यानात येईल. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. उचल कोयत्यामागे मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. आता समजा, एखाद्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात '४२० कोयत्यांची पाहणी केली' असे म्हटले आहे आणि पाचव्या प्रकरणातील तक्त्यावर '४२० मजूर' असे शीर्षक आहे. विषयाचा जाणकार परीक्षक हे पटकन ओलांडून जाईल, कारण त्याला कोयता म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि त्याचे लक्ष निष्कर्षाकडे आहे. विषय न जाणणारा, पण पानामागून पान लावून वाचणारा संपादक मात्र येथे अडेल. ४२० कोयते म्हणजे ४२० माणसे की ८४०? तक्त्यात पुरुष तेवढे मोजले आणि स्त्रिया गळल्या, असे तर झाले नाही? दरडोई उत्पन्न काढताना भागाकार कशाने केला? लिहिण्यातील एका शब्दाची ढिलाई येथे गणितात शिरलेली असते, आणि गणितातून ती निष्कर्षात व निष्कर्षातून एखाद्या शासकीय अहवालात जाऊन बसू शकते. ऊसतोड करणाऱ्या बाईची मजुरी आधीच जोडीच्या हिशोबात अदृश्य होते, ती संशोधनातूनही पुसली जाऊ नये यासाठी कोणीतरी दुसरे प्रकरण आणि पाचवे प्रकरण शेजारी ठेवून वाचणे आवश्यक असते.

परिभाषेचा घोळ हा याहून जुना आहे. संशोधनपद्धतीच्या मराठी पुस्तकांत गृहीतक, गृहीतकृत्य, परिकल्पना, अभ्युपगम असे शब्द प्रचारात आहेत आणि एकाच प्रबंधात त्यांपैकी तीन तरी आलटून पालटून येतात. शब्दांची विविधता ही ललित लेखनात गुण असेल. शास्त्रीय लेखनात ती संकट ठरते. तपासल्यावाचून मान्य करून चाललेले विधान आणि तपासून पाहण्यासाठी मांडलेले विधान या दोन परस्परविरुद्ध गोष्टी होत. पहिले पायाखाली असते, दुसरे तराजूत असते. दोहोंना 'गृहीतक' हा एकच शब्द लावला की संशोधकाने काय मानले आणि काय सिद्ध केले, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शेवटच्या प्रकरणात 'सर्व गृहीतके सिद्ध झाली' असे विजयी वाक्य येते तेव्हा वाचकाने काय समजावे? राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, विद्यापीठांच्या तज्ज्ञांनी त्यांसाठी वर्षानुवर्षे खर्च केली. पण कोशातील शब्द प्रबंधाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच अर्थाने राहतो की नाही हे पाहणारा माणूस कोणीच नेमला नाही. कोश घडविण्याचे काम झाले, ते वापरात उतरविण्याचे राहिले.

महाराष्ट्राला संपादनाची परंपरा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून १९४३ मधील त्यांच्या निधनापर्यंत त्याची धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेण्यात आली. एका श्लोकातील एका पाठासाठी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून पाहणारे हे पंडित होते. पाठचिकित्सा आणि जिवंत लेखकाच्या हस्तलिखिताचे संपादन या गोष्टी वेगळ्या आहेत हे खरे. पण दोहोंच्या मुळाशी असलेली सावधगिरी एकच आहे. व्यासांच्या शब्दाबद्दल इतकी जागरूकता दाखविणाऱ्या प्रांतात आजच्या विद्यार्थ्याचा प्रबंध एकदाही ताडून पाहिला जाऊ नये, याला काय म्हणावे?

वाईच्या विश्वकोशाचे उदाहरण तर अधिकच जवळचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. तत्पूर्वी १९७३ मध्ये परिभाषा संग्रहाचा खंड काढण्यात आला होता. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी शब्द ठरविले, मग लेख छापले. नोंदी लिहिणारे शेकडो तज्ज्ञ गावोगावच्या महाविद्यालयांत, प्रयोगशाळांत आणि कचेऱ्यांत बसलेले होते. त्यांतील प्रत्येकाला मराठी गद्य उत्तम लिहिता येत होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तरीही धातुविज्ञानावरील नोंद आणि संगीतावरील नोंद एकाच शिस्तीत वाचता येते. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. ती नोंद वाचनीय करणाऱ्या संपादकाचा हात त्या पानावर दिसत नाही, आणि न दिसणे हेच त्या कामाचे वैशिष्ट्य आहे.

साहित्याच्या क्षेत्रात 'मौज' आणि 'सत्यकथा' यांनी हेच केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकाला हस्तलिखित परत पाठवीत ते दोषांची यादी जोडून नव्हे, तर शंका विचारून. त्यांच्या पत्रांच्या आठवणी मराठी लेखकांच्या दोन पिढ्या सांगत आल्या आहेत. या प्रकाशनगृहाने ललित वाङ्मयाबरोबर विद्वत्तेचेही ग्रंथ काढले. १९७४ मध्ये आलेली रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' विषयाने अवघड आहे, पण तिच्यात अवघडपणा विषयाचा आहे, वाक्यांचा नाही. इंग्रजीच्या बाबतीतही मुंबईने एक धडा घालून दिलेला आहे. १९६६ पासून येथून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे संपादकपद कृष्णराज यांनी १९६९ पासून २००४ पर्यंत सांभाळले. नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या शेजारी कोणा अपरिचित तरुण संशोधकाचा निबंध तितक्याच मानाने छापण्याचा त्या साप्ताहिकाचा लौकिक होता. तरुणाच्या कच्च्या मजकुरातील पक्के काय आहे ते ओळखणारी नजर असल्याशिवाय असा लौकिक मिळत नाही.

मग विद्यापीठांत ही परंपरा का रुजली नाही? एक कारण उघड आहे. गेल्या पंधरा वर्षांत लेखनाची गणती झाली, वाचनाची झाली नाही. २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली. २०१६ मध्ये प्रबंध सादर करण्यापूर्वी एक तरी निबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आणण्याची अट विद्यार्थ्यांवर आली. ती २०२२ च्या विनियमांत काढून टाकण्यात आली. दरम्यान नियतकालिकांची मान्यतासूची तयार झाली, तिच्यातून काही नावे गळली, 'केअर' नावाने नवी सूची आली आणि २०२५ च्या आरंभी आयोगाने तीही मोडीत काढली. या सगळ्या उलाढालीत निबंध कोठे छापला यावर वाद झाले. तो वाचून कोणी सुधारला काय, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकाने विचारला नाही. परिणामी चर्चासत्रांतील निबंधांची जाडजूड संकलने निघू लागली. त्यांच्या मुखपृष्ठावर एक नव्हे, तीन-तीन संपादकांची नावे झळकतात. त्यांनी केलेले काम निबंध गोळा करणे, वर्गणी गोळा करणे आणि मुद्रकाकडे फाइल पाठविणे एवढेच असते. एकाच पुस्तकात चार निबंधांतून तीच प्रस्तावना चार वेळा आली तरी ती त्यांच्या दृष्टीस पडत नाही. संपादक या शब्दाची इतकी स्वस्ताई मराठीत पूर्वी कधी झाली नसेल.

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ मध्ये जे विनियम झाले, त्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि त्यापुढे चढत्या भाजणीने शिक्षा, अशी त्यांची रचना आहे. पण साम्य मोजण्याचे काम यंत्राकडे गेले आणि विद्यार्थ्यांनी यंत्राला चकविण्याची युक्ती शोधली. दुसऱ्याचे वाक्य घ्यायचे आणि त्यातील प्रत्येक शब्दाऐवजी प्रतिशब्द ठेवायचा. ही युक्ती एकट्या भारतातली नव्हे. फ्रान्समधील गिलॉम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा शब्दप्रयोगांची मोठी जंत्रीच जगापुढे ठेवली. इंग्रजीतील छापील शास्त्रीय निबंधांत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'बनावट जाणीव' आणि 'स्तनाचा कर्करोग' याऐवजी 'उराचे संकट' या अर्थाचे शब्द आढळले. हसू आवरत नाही, पण प्रसंग हसण्याचा नाही. हे निबंध परीक्षकांच्या हातून गेले होते. २०२४ च्या प्रारंभी तर एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलेल्या रसायनविषयक निबंधाची सुरुवातच, 'अवश्य, आपल्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा आशयाच्या, संभाषण करणाऱ्या यंत्राच्या उत्तरातून जसेच्या तसे उचललेल्या वाक्याने झाली होती. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक इतक्या पायऱ्या चढून ते वाक्य छापखान्यात पोहोचले. पहिल्या ओळीचे पहिले वाक्य! निबंध तपासला सर्वांनी आणि वाचला कोणीच नाही, असा याचा अर्थ होतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे सारे मार्गदर्शकाचे काम आहे, त्यासाठी निराळा माणूस कशाला? मार्गदर्शकाच्या अडचणी खऱ्या आहेत. २०२२ च्या विनियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. शिवाय अध्यापन, परीक्षा आणि अलीकडच्या काळात वाढलेली मूल्यांकनाची कागदपत्रे आहेतच. पण मुख्य अडचण वेळेची नव्हे. पाच वर्षे विद्यार्थ्याशी बोलत आलेल्या मार्गदर्शकाला त्याच्या मनात काय आहे ते माहीत असते; म्हणून कागदावर जे नाही तेही त्याला दिसते. वाक्य अर्धवट राहिले तर त्याचे मन ते आपोआप पूर्ण करते. परक्या वाचकाला ती सवलत नाही. आणि प्रबंध लिहायचा तो त्या परक्यासाठीच.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. दुसऱ्याने सुधारलेला प्रबंध विद्यार्थ्याचा म्हणावा काय? विद्यापीठांच्या आसपास प्रबंध 'तयार करून' देणारे उद्योग आहेत, हे गुपित राहिलेले नाही. संपादनाला दार उघडले की हेच उद्योग त्यातून राजरोस आत येतील, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि ही सीमारेषा आखता येते, इतरांनी ती आखलीही आहे. ऑस्ट्रेलियात विद्यापीठांचे पदव्युत्तर विभागप्रमुख आणि व्यावसायिक संपादकांच्या संस्था यांनी २००१ मध्ये एकत्र बसून नियम ठरविले. प्रबंधाच्या संपादकाने भाषा, सुसंगती, संदर्भांची मांडणी आणि मुद्रितशोधन एवढ्यापुरतेच हात घालावेत. आशय आणि युक्तिवादाची रचना यांत स्वतः बदल करू नयेत. आणि संपादकाचे साहाय्य घेतल्याची नोंद प्रबंधातच करावी. आपल्याकडे असा नियम नसल्यामुळे प्रामाणिक मदत आणि अप्रामाणिक मदत या दोन्ही सारख्याच चोरून होतात. जे नोंदविण्याची सोय नाही ते लपविले जाते, आणि लपविलेल्या गोष्टींत खरे-खोटे निवडणे कठीण असते.

शिवाय मदत काहींना मिळतच असते, याचा विसर पडू नये. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत, मावशी शिक्षिका आहे किंवा मित्र इंग्रजी वृत्तपत्रात आहे, त्याचा प्रबंध सादर होण्यापूर्वी दोघा-तिघांच्या डोळ्यांखालून जातो. त्याला कोणी संपादन म्हणत नाही, घरचे वातावरण म्हणतात. ज्याच्या घरात छापील कागद पहिल्यांदा त्याच्याबरोबर आला, त्याला हा वाचक कोठून मिळणार? धुळे-गडचिरोलीकडून, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवकडून, भटक्यांच्या पालांतून आणि आदिवासी पाड्यांतून जे विद्यार्थी गेल्या दोन पिढ्यांत संशोधनाकडे आले, त्यांनी आपल्याबरोबर असे अनुभव आणि असे विषय आणले की जे पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला सुचले नसते. विद्यापीठाने त्यांना काय दिले? 'विविध पैलूंवर प्रकाश' टाकणारी भाषा. आपल्या बोलीत एखादा प्रसंग खणखणीत सांगणारा विद्यार्थी प्रबंध लिहू लागला की त्याची जीभ जड होते, कारण प्रबंध असाच लिहायचा असतो असे त्याने आधीचे प्रबंध पाहून ठरविलेले असते. आणि मग त्याच जड भाषेबद्दल मौखिक परीक्षेत त्याला हसतात. संपादकाची मागणी ही चैनीची मागणी आहे, असे मानणाऱ्यांनी या विद्यार्थ्याकडे एकदा पाहावे. इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्याची स्थिती याहून निराळी नाही. त्याला दोन भाषांमधील अंतरही एकट्यानेच तोडावे लागते.

संपादक लेखकाचा सूर मारील, ही शंकाही विचारात घेण्याजोगी आहे. मराठीने ती अनुभवली आहे. १९६९ मध्ये बंडखोर तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, ती एका विशिष्ट अभिरुचीच्या चाळणीतूनच सर्वांनी जावे या आग्रहाविरुद्ध होती. त्या रागात तथ्य होते. नव्या वर्गांतून येणाऱ्या लेखनाला जुन्या मापाने कापणारा संपादक उपकारापेक्षा अपकारच अधिक करतो. म्हणूनच विद्यापीठीय संपादकाला 'पाल', 'उचल', 'कोयता' हे शब्द पुस्तकी प्रतिशब्दांनी बदलण्याचा अधिकार असता कामा नये. त्यांचा अर्थ पहिल्या वापराच्या वेळी स्पष्ट करण्यास सांगणे, हे त्याचे काम होय. लेखकाचा शब्द राखून वाचकाची वाट मोकळी करणे ही कसोटी कठीण आहे, आणि ती पार पाडणारी माणसे आपोआप तयार होत नाहीत.

ती तयार करावी लागतील. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने होरेस हार्ट यांची नियमावली १८९३ मध्ये आपल्या जुळारी आणि मुद्रितशोधकांसाठी काढली. शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये आली. शतकाहून अधिक काळ त्यांच्या आवृत्त्या निघत आहेत. मराठीत लेखनविषयक नियम आहेत. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये ते ठरविले आणि १९७२ मध्ये त्यांत भर घातली. पण ते ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांच्यापुढे जात नाहीत. तक्त्याचे शीर्षक कसे असावे, मुलाखत देणाऱ्याचे बोल उद्धृत करताना त्याच्या बोलीचे काय करावे, शासननिर्णयाचा संदर्भ कसा द्यावा, मराठी नावांची संदर्भसूची आडनावाने लावावी की प्रथम नावाने, यांबद्दल सर्व विद्यापीठांना मान्य अशी एकही पुस्तिका नाही. प्रत्येक विद्यार्थी आपल्या आधीच्या प्रबंधाकडे पाहून लिहितो आणि चूक वारशाने पुढे जाते. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन दरवर्षी शेकडो विद्यार्थी बाहेर पडतात व शिक्षकाच्या जागेची वाट पाहत बसतात. त्यांना दोन सत्रे संपादनाचे प्रत्यक्ष काम, म्हणजे दुसऱ्याचे हस्तलिखित हातात घेऊन समासात प्रश्न लिहिण्याचे काम, शिकविले तर विद्यापीठांची गरज विद्यापीठांतच भागेल.

यंत्रे आता व्याकरण सुधारतात, वाक्ये गुळगुळीत करतात. मग माणूस कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की ऊसतोडणीचे वरचे वाक्य यंत्राला दिले तर ते अधिक सफाईदार होऊन परत येण्याचा संभव आहे. कोणता तालुका हे त्याला माहीत नसते, आणि न विचारता पुढे जाण्याची त्याला घाई असते. गुळगुळीत झालेली पोकळी ओळखणे तर खडबडीत पोकळीपेक्षा अवघड. यंत्राचा उपयोग संपादकाने करावा, टंकदोष त्याच्याकडून हुडकून घ्यावेत. त्याला कोणाची हरकत असणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा पुरस्कार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केला आहे. अभ्यासासाठी पैसा येईल, अध्यासने निघतील, प्रकल्प मंजूर होतील आणि प्रबंधांची संख्या वाढेल. त्यातील प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवास, उपकरणे, संगणक आणि चहापान यांच्या रकान्यांबरोबर संपादनाचा एक रकाना असावा, आणि तो खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून न होता विद्यापीठाच्या तिजोरीतून व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. आज तो विद्यार्थी काळ्या रेक्झिनची बांधणी आणि तिच्यावरची सोनेरी अक्षरे यांसाठी पदरचे पैसे मोजतो, आणि त्या चार-पाच प्रतींपैकी एक तरी प्रत कोणी उघडील या आशेवर गावी परततो.